खुडूक कोंबडी : बसवावी की उठवावी?

(गृहोपयोगी पाठ)

ज्या घरी चार कोंबड्या आहेत त्या घरी वर्षातून तीनचार वेळा तरी हा प्रश्न उभा राहतोच. काल-परवापर्यंत अंडी घालणारी कोंबडी एके दिवशी टोपलीतून उठेनाशी होते. जवळ जावे तर पिसे फुलवून अंगावर येते, हात घातला तर चोच मारते, आणि दिवसभर घशातल्या घशात खुडखुड करीत राहते. अशा कोंबडीस आपण खुडूक कोंबडी म्हणतो. तिचे काय करावे हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ घरांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर तिच्याकडे दुर्लक्ष होऊन ती रिकाम्या टोपलीत झुरत बसते. नाहीतर तिला अशी शिक्षा मिळते की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. दोन्ही मार्गांनी घराचे नुकसान होते, आणि मुक्या प्राण्याचे हाल होतात ते निराळेच. म्हणून या पाठात आम्ही याच एका विषयाचा विचार करणार आहो. उपदेशक बंधूंनी तो संध्याकाळच्या बैठकीत वाचून दाखवावा, व विशेषेकरून भगिनींना ऐकवावा; कारण कोंबड्यांचा कारभार बहुधा त्यांच्याच हाती असतो.

१. खुडूक होणे म्हणजे काय?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की खुडूक होणे हा रोग नव्हे, हट्ट नव्हे, व कोणाची दृष्ट लागल्याचा परिणामही नव्हे. हा कोंबडीचा मातृधर्म होय. आपली देशी कोंबडी साधारणपणे बारा ते पंधरा अंडी घालते आणि मग ती उबविण्याची ओढ तिला लागते. एकवीस दिवस अंड्यांवर बसावे, पिले बाहेर काढावी, व दोन-अडीच महिने त्यांना पंखांखाली वाढवावे, असा तिचा क्रम ठरलेला आहे. हा क्रम आटोपला म्हणजे ती पुन्हा अंड्यांवर येते.

ही ओढ कोठून उत्पन्न होते याचा शोध विद्वानांनी लाविला आहे. मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचा रस रक्तात उतरतो. अमेरिकेतील ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनी सन १९३३ मध्ये कबुतरांवर प्रयोग करून या रसाला हे नाव दिले, आणि सन १९३५ मध्ये तोच रस टोचून अंड्यावर असलेल्या कोंबड्या खुडूक करून दाखविल्या. माणसांत व गाईम्हशींत मातेला दूध येण्यास जो रस कारण होतो तोच हा. तो वाढला म्हणजे कोंबडीच्या पोटातील अंड्यांचा घोस आकसतो व अंडी बंद होतात. टोपलीतील अंधार, पोटाखालचा उबारा आणि अंड्यांचा स्पर्श यांमुळे हा रस वाढत जातो, व टिकूनही राहतो. हे एक सूत्र ज्याने लक्षात ठेविले त्याला पुढील सर्व उपाय आपोआप समजतील : बसवावयाची असेल तर अंधार, ऊब व अंडी द्यावी, उठवावयाची असेल तर ही तिन्ही काढून घ्यावी.

सर्व जातींत ही ओढ सारखी नसते. लेगहॉर्नसारख्या विलायती कोंबडीत माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती जवळजवळ नाहीशी केली आहे. म्हणून त्या अंडी पुष्कळ घालतात, परंतु पिले काढण्याच्या कामी निरुपयोगी ठरतात. अलीकडे खेड्यांत दिल्या जाणाऱ्या गिरिराज, वनराज इत्यादि सुधारित कोंबड्याही क्वचितच बसतात. तेव्हा देशी खुडूक कोंबडीला टाकाऊ मानू नये. ती घरचे अंडी उबविण्याचे यंत्रच आहे, व त्यास वीजही लागत नाही.

२. खुडूक आहे की आजारी?

कोंबडी एका जागी बसली म्हणजे ती खुडूकच असते असे नाही. खुडूक कोंबडी सावध असते. तिचे डोळे तेजस्वी असतात. हात जवळ नेताच ती फुलते व चोच मारते. ती दिवसातून एखादे वेळी उठते, घाईने दाणे टिपते, पाणी पिते, एकदाच मोठी व दुर्गंधी विष्ठा टाकते आणि पुन्हा टोपलीत जाते. पोटाखाली पाहिले तर तेथील पिसे झडून कातडी उघडी पडलेली व ऊन लागते.

आजारी कोंबडी याच्या उलट असते. ती पेंगते, पंख लोंबवते, उचलली तरी प्रतिकार करीत नाही; विष्ठा हिरवी व पातळ होते, तुरा काळवंडतो, किंवा मान वाकडी होते. अशी कोंबडी दिसताच तिला इतरांपासून दूर ठेवून जनावरांच्या दवाखान्यात विचारावे. मानमोडीच्या साथीत एका कोंबडीस खुडूक समजून खुराड्यात राहू दिले तर साऱ्या खुराड्याचा नाश होण्यास वेळ लागत नाही.

३. निर्णय तीन दिवसांच्या आत करावा

खुडूक कोंबडीच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान कशाने होते? बसविण्याने नव्हे, उठविण्यानेही नव्हे; काहीच न ठरविण्याने होते. याचा हिशेब असा मांडावा. बसविली तर सुमारे तीन महिने अंडी मिळत नाहीत, परंतु पिले मिळतात. पहिल्या दोनतीन दिवसांत उठविली तर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. परंतु रिकामी बसू दिली तर तीनचार आठवडे उपाशीतापाशी बसून ती हाडकते, पुढे अंगावर मांस धरण्यास आणखी काही आठवडे घेते, आणि या सर्व काळात घरात ना अंडे येते ना पिलू.

एका खेड्यात आम्ही गेलो असता एका वृद्ध विधवा बाईच्या ओसरीवर असाच प्रकार पाहिला. बाई म्हणाली, "पाळकसाहेब, ही कोंबडी धा दिस झालं टोपलीतनं हालंना. उद्याच्या बाजारात इकून टाकते."

आम्ही विचारले, "मावशी, हिच्या खाली अंडी ठेवली आहेत काय?"

"अंडी कुठली? सम्दी इकली. नातवाच्या वह्या घ्यायच्या हुत्या."

"मग ही कशावर बसली आहे?"

बाईने कोंबडी उचलली. खाली विटेचा एक तुकडा होता. दहा दिवस ती कोंबडी त्या विटेला ऊब देत होती! हातात घेतली तर पिसाएवढी हलकी लागली. बाजारात नेली असती तर व्यापाऱ्याने वजन पाहून किंमत पाडली असती, आणि नातवाच्या वह्यांसाठी अंडी घालणारी कोंबडी पडत्या भावाने गेली असती. ती इतकी खंगलेली होती की तिला आणखी एकवीस दिवस बसविणे योग्य नव्हते. म्हणून पुढे सांगितलेल्या रीतीने तिला उठविले. पाचव्या दिवशी ती अंगणात चरू लागली, व तिसरा आठवडा संपण्यापूर्वी बाईच्या टोपलीत अंडे दिसले. दोष कोंबडीचा नव्हता व बाईचाही नव्हता; केवळ माहितीची उणीव होती.

येथे घरच्या पुरुषांना एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. कोंबडीचे पैसे म्हणजे बहुतेक घरांत बायकोचे किंवा आईचे चार पैसे. मीठ-मिरची, पोराची पाटी, आजाऱ्याचे औषध त्यांतून निघते. खुडूक झाली एवढ्याच कारणाने, तिला न विचारता, कोंबडी विकू अथवा कापू नये.

४. बसवावयाची असल्यास

पिले हवी असतील, ऋतु अनुकूल असेल, आणि कोंबडी अंगाने भरलेली असेल तर ती अवश्य बसवावी. आपल्या प्रांतात पावसाळा सरल्यापासून माघ-फाल्गुनापर्यंतचा काळ रवणास उत्तम. भर उन्हाळ्यात अंडी नासतात, व मुसळधार पावसात पिले भिजून गारठून मरतात.

अंडी निवडताना ती कोंबड्याच्या सोबतीने राहणाऱ्या कोंबडीची असावी. दुकानातील पांढरी अंडी बहुधा कोंबड्यावाचून वाढविलेल्या कोंबड्यांची असतात. ती कितीही दिवस उबविली तरी त्यांतून पिलू निघणार नाही. अंडी सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, स्वच्छ व न तडकलेली घ्यावी. उन्हाळ्यात तीनचार दिवसांहून जुनी घेऊ नयेत. ती धुऊ नयेत. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, निमुळते टोक खाली करून, साठवावी. एका देशी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. सुधारित जातीची मोठी अंडी असतील तर आठ-नऊच ठेवावी. पोटाखाली न मावलेले अंडे थंड पडते, आणि कोंबडी अंडी फिरविताना तेच दुसऱ्याच्या जागी येते. अशाने लोभापायी पुष्कळ अंडी वाया जातात.

टोपली उथळ असावी. तळाशी राख, वर गवत किंवा मऊ काड व थोडा कडुलिंबाचा पाला घालावा, म्हणजे उवांचा उपद्रव कमी होतो. टोपली अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात, मांजर, मुंगूस व साप यांची वाट नसेल अशा ठिकाणी ठेवावी. इतर कोंबड्यांपासून ती वेगळी असावी, नाहीतर दुसऱ्या कोंबड्या तिच्यातच ताजी अंडी घालतात. खबरदारी म्हणून प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करावी. बिनखुणेचे अंडे दिसले की काढून घ्यावे. कोंबडी रात्री बसवावी. अंधारात ती नवी जागा सहज पत्करते.

रवणात लोखंडाचा तुकडा, कोळसा किंवा लाल मिरची ठेवण्याची चाल कित्येक गावी आढळते. मेघगर्जनेने अंडी नासू नयेत असा तिचा हेतु सांगतात. त्या लोखंडाने अंड्याचे काही बरे होत नाही. अंडी नासतात ती बहुधा जुनी असल्यामुळे, तापल्यामुळे किंवा कोंबडी वारंवार उठविल्यामुळे. कोळसा खुणेसाठी वापरावा. मिरची स्वयंपाकात घालावी.

दिवसातून एकदा कोंबडी उठून पंधरा-वीस मिनिटे बाहेर राहील. त्या वेळी तिच्यापुढे ज्वारी किंवा मक्याचे दाणे व स्वच्छ पाणी असावे, आणि लोळण्यास कोरडी माती असावी. न उठणारीस हळूच उचलून बाहेर ठेवावे. पंखाखाली अंडे अडकले नाही ना, हे आधी पाहावे. सातव्या रात्री प्रत्येक अंडे दिव्यापुढे धरावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला असे समजावे. अंडे स्वच्छ दिसले तर ते अफल म्हणून काढून टाकावे. अठराव्या दिवसापासून तिला छेडू नये. एकविसाव्या दिवशी पिले फुटू लागतात. फुटणाऱ्या पिलास हाताने ओढून काढू नये, व खाऊ घालण्याची घाईही करू नये. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते एक-दोन दिवस सहज राहते. पुढे तांदळाची कणी, भरडलेली ज्वारी व वाळवी द्यावी. पाण्याच्या उथळ भांड्यात खडे टाकावे, म्हणजे पिलू बुडणार नाही. घारीपासून रक्षणासाठी पहिले काही आठवडे डालगे हाताशी ठेवावे.

आणखी एक सूचना. शेजारपाजारच्या भगिनींनी आपल्या खुडूक कोंबड्या शक्यतो एकाच आठवड्यात बसवाव्या. मानमोडीची लासोटा नावाची लस पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. तिच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक पिलांची मात्रा असते, व बाटली फोडल्यावर ती फार वेळ टिकत नाही. एका घरच्या आठ पिलांसाठी बाटली आणणे परवडत नाही. दहा घरांची पिले एकाच वयाची असतील तर सहज परवडते. शिवाय दोन कोंबड्या एकाच दिवशी बसविल्या आणि सातव्या रात्री बरीच अंडी अफल निघाली, तर उरलेली सर्व एकीखाली घालून दुसरीस मोकळे करता येते.

५. उठवावयाची असल्यास

पिले नको असतील, ऋतु प्रतिकूल असेल, किंवा कोंबडी अशक्त असेल तर तिला उठवावे. त्याची रीत सोपी आहे. बांबूच्या कामट्यांचा एक पिंजरा घ्यावा. त्याच्या तळाच्या कामट्यांत बोटभर फट असावी. पाय अडकेल एवढी मोठी नसावी. पिंजरा चार विटांवर ठेवून जमिनीपासून वीत-दोन वीत उंच करावा, म्हणजे खालून वारा खेळेल. आत गवत, पोते किंवा भुसा काही घालू नये. पिंजरा उजेडात परंतु सावलीत ठेवावा, रात्री कोल्ह्या-मांजरापासून जपावा, आणि दाणापाणी भरपूर द्यावे. उपाशी ठेवणे हा या उपायाचा भाग नव्हे. उलट पोटभर खाणारी कोंबडी लवकर अंड्यावर येते.

तीन-चार दिवसांनी तिला सोडून पाहावे. ती इतर कोंबड्यांत मिसळून चरू लागली तर काम झाले. धावत टोपलीकडे गेली तर आणखी दोन दिवस पिंजऱ्यात ठेवावी. पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात घातलेली कोंबडी लवकर उठते. दहा दिवस बसू दिलेली अधिक दिवस घेते. पोटाखाली वारा लागला, उजेड मिळाला, अंड्याचा स्पर्श तुटला, की रक्तातील तो रस ओसरतो व अंड्यांचा घोस पुन्हा भरू लागतो. पुढे तीच ओढ लवकर लागू नये म्हणून अंडी रोजच्या रोज उचलावी, आणि संध्याकाळी टोपल्या झाकून ठेवाव्या.

६. ज्या रीती सोडून द्याव्या

कोंबडीच्या नाकपुड्यांतून पीस आरपार ओवणे, तिला पाण्यात बुचकळणे, पाय बांधून उलटी टांगणे, डोळे बांधणे, उपाशी कोंडणे, अशा रीती आमच्या पाहण्यात आल्या आहेत. करणारी माणसे दुष्ट असतात असे नव्हे. वडीलधाऱ्यांनी केले तेच ती करतात. तथापि विचार करावा. नाकातील पिसाने जखम होते व श्वास कोंडतो. बुचकळलेली कोंबडी थंडीच्या दिवसांत गारठून आजारी पडते. टांगलेलीचा पाय निखळतो. कधी कधी अशी कोंबडी भयाने टोपली सोडते हे खरे. पण दुखणाईत कोंबडी अंडी कशी घालणार? कामट्यांचा पिंजरा जे काम चार दिवसांत वेदनेवाचून करितो, ते करण्यास छळ कशाला पाहिजे? ती आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे आई होऊ पाहत आहे. तिला आई होऊ देणे आपल्याला परवडत नसेल तर नको म्हणावे, परंतु शिक्षा करू नये.

सारांश, खुडूक कोंबडी दिसताच स्वतःला तीन गोष्टी विचाराव्या : ही खरोखर खुडूक आहे काय? मला पिले हवीत काय? हिच्या अंगी तेवढी शक्ती आहे काय? उत्तरे मिळाली की त्याच संध्याकाळी अंडी तरी खाली ठेवावी, नाहीतर पिंजरा तरी मांडावा. विटेवर मात्र बसू देऊ नये.

बैठकीत विचारावयाचे प्रश्न

१. खुडूक व आजारी कोंबडी यांतील भेद कोणत्या खुणांनी ओळखाल?
२. रिकामी बसणारी कोंबडी घराचे नुकसान कसे करिते, ते हिशेबाने सांगा.
३. दुकानातील अंडी रवणात का ठेवू नयेत?
४. पिंजऱ्याच्या तळाशी फटी कशासाठी? आत गवत का नको?
५. आपल्या गावात या महिन्यात कोणाकोणाच्या कोंबड्या खुडूक आहेत? त्या एकाच आठवड्यात बसविता येतील काय?